सरकारी भाड्याचं घर: यादी नंतर, आधी इमारत कुठे आहे ते विचारा

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. तुम्ही मूळचे जिंतूर तालुक्यातले, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला एका कंपनीत कंत्राटदारामार्फत कामाला. हातात १७ हजार पडतात. वहिनी पॅकिंगला जातात, त्यांचे ९ हजार. रांजणगावात वन आरके आहे, भाडं ५,२०० आणि लाइटबिल वेगळं. दोन वर्षांपूर्वी हीच खोली ४,२०० ला होती. करार पाचशेच्या बाँडवर, नोटरी केलेला. गावाकडे वडिलांच्या नावावर दोन खोल्यांचं घर आहे. आता कुणीतरी सांगितलंय की सरकार स्वस्त भाड्यानं घर देतं, १२ हजार द्या, यादीत नाव लावून देतो. तुम्ही विचारताय: मी पात्र आहे का, गावचं घर आड येईल का, आणि भाड्याचं घर घेतलं तर उद्या स्वतःच्या घरकुलाचा हक्क जाईल का.

मी बरीच वर्षं महापालिकेच्या योजना कक्षात समुदाय संघटक होतो. आता भाडेकरारांची ऑनलाइन नोंदणी करून देतो आणि लोकांचे घरकुलाचे कागद तपासतो. त्या अनुभवावरून सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या डोक्यात आणि त्या माणसाच्या बोलण्यात दोन वेगळ्या योजनांची मिसळ झालीय. घरकुल म्हणजे मालकीचं घर. त्याला यादी असते, मंजुरी असते, हप्ते असतात, कधी सोडतही असते. भाड्याच्या योजनेत तसं नसतं. तिथे आधी एक संकुल उभं राहतं किंवा रिकामी पडलेली सरकारी घरं दुरुस्त होतात. ते चालवायला कोणीतरी नेमलं जातं, आणि मग त्या संकुलात राहायला अर्ज घेतले जातात. म्हणून ‘मी पात्र आहे का’ याच्या आधीचा प्रश्न ‘कुठल्या इमारतीसाठी’ हा आहे. जो माणूस इमारतीचं नाव, पत्ता आणि ती चालवणारी संस्था सांगू शकत नाही, त्याच्याकडे लावायला यादीच नाही. तुमचे १२ हजार खिशातच ठेवा.

आता ही योजना आली कुठून ते बघा, म्हणजे नियम असे का आहेत ते कळेल. २०२० च्या टाळेबंदीत कामगार पायी गावाकडे निघाले. ८ मे २०२० ला जालन्याहून निघालेले १६ मजूर आपल्या करमाडजवळ रुळावर मालगाडीखाली सापडले, ते इथे कोणी विसरलेलं नाही. काम बंद झालं की खोलीचं भाडं देता येत नाही आणि शहरात थांबायला जागा उरत नाही, हे तेव्हा सगळ्या देशानं पाहिलं. त्याच महिन्यात केंद्रानं परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची घोषणा केली आणि जुलै २०२० मध्ये मंत्रिमंडळानं त्याला मान्यता दिली. प्रधानमंत्री आवास योजना शहरीच्या आतच ती बसवली होती. पुढे १ सप्टेंबर २०२४ पासून आवास योजना शहरी २.० सुरू झाली. तिच्या चार घटकांपैकी एक घटक परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा आहे. बाकीचे तीन म्हणजे स्वतःच्या जागेवर बांधकाम, भागीदारीतली घरं आणि गृहकर्जावरचं व्याज अनुदान. हे तिन्ही मालकीचे.

भाड्याच्या घटकात घरं दोन वाटांनी येतात. एक, सरकारी पैशातून बांधलेली पण रिकामी राहिलेली घरं दुरुस्त करून भाड्यानं द्यायची. दोन, कंपनी, संस्था किंवा सरकारी उपक्रमानं स्वतःच्या जागेवर नवं संकुल बांधायचं आणि चालवायचं. दोन्हीकडे मुदत २५ वर्षांची. २०२० च्या नियमांत एका खोलीचं घर ३० चौरस मीटरपर्यंत, दोन खोल्यांचं ६० पर्यंत, आणि डॉर्मिटरीत एका खाटेमागे १० चौरस मीटर. चटई क्षेत्र धरायचं, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा. नव्या संकुलात किमान ४० घरं हवीत, किंवा तीन खाटा म्हणजे एक घर या हिशेबानं तेवढ्या खाटा. दोन खोल्यांची घरं एकूण घरांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नकोत, म्हणजे संकुल हळूहळू बड्यांचं होऊन बसत नाही. बांधणाऱ्याला त्याबदल्यात जादा चटई निर्देशांक (म्हणजे तेवढ्याच जागेवर जास्त बांधकाम), करात सूट, जलद परवानगी असं बरंच काही ठेवलं होतं.

मग आपल्याकडे अशी संकुलं पावलोपावली का दिसत नाहीत? पहिली वाट जिथे रिकामी घरं होती तिथेच चालली. चंदीगड आणि सुरतमध्ये अशी घरं भाड्यानं दिली गेली. केंद्राची जेएनएनयूआरएम ही शहरं सुधारायची जुनी योजना होती, तिच्या मुख्य शहरांत मराठवाड्यातलं एकटं नांदेड होतं. तिथे शहरी गरिबांसाठी तिच्यातल्या बीएसयूपी या भागातून घरं बांधली, पण ती त्या त्या लाभार्थ्याला मालकीनं द्यायची होती. दुसऱ्या वाटेबद्दल माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. वाळूजजवळच्या रांजणगाव, पंढरपूर, कमळापूर या गावांच्या पट्ट्यात एखाद्या शेतकऱ्यानं आपल्या गुंठ्यावर दहा खोल्यांची रांग बांधली की ती आठवड्यात भरते. त्याला लिफ्ट नको, अग्निशमनाचा दाखला नको, देखभालीला माणूस नको. नियमानं बांधणाऱ्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट, आणि भाडं मात्र त्याच्या आसपासच ठेवायचं. कंत्राटी कामगार सहा महिन्यांत कंपनी बदलतो हा धोका आणखी वेगळा. म्हणून अशी संकुलं आली तर ती कंपनीनं किंवा औद्योगिक वसाहत चालवणाऱ्यानं स्वतःच्या माणसांसाठी बांधलेली असतील, असं मला वाटतं. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्याकडे नजर ठेवा म्हणून लोकांना सांगतो ते याचमुळे.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. संकुल चालवणारा एकेका भाडेकरूच्या मागे धावण्यापेक्षा कंपनीशी, कंत्राटदाराशी किंवा संस्थेशी बोलणी करून खोल्या भरू शकतो. भाडं थेट पगारातून कापून घ्यायची सोयही २०२० च्या योजनेत आहे. म्हणजे तुमचा अर्ज पालिकेच्या खिडकीपेक्षा कंपनीच्या एचआरच्या टेबलावरून जाण्याची शक्यता जास्त. तुम्ही कंत्राटी, म्हणून मुख्य कंपनीचा एचआर कदाचित हात वर करील. तरी तिथेही विचारा आणि कंत्राटदाराच्या सुपरवायझरलाही विचारा.

आता पात्रता. भाड्याच्या घरासाठी कुटुंब आर्थिक दुर्बल किंवा अल्प उत्पन्न गटातलं असावं लागतं. शहरी २.० मध्ये आर्थिक दुर्बल म्हणजे वर्षाला ३ लाखांपर्यंत आणि अल्प उत्पन्न म्हणजे ६ लाखांपर्यंत. ९ लाखांपर्यंतचा मध्यम गटही योजनेत आहे, पण तो व्याज अनुदानासाठी. कामगार, फेरीवाले, रिक्षावाले, हॉटेलात किंवा दवाखान्यात काम करणारे, बांधकाम मजूर, नोकरी करणाऱ्या बायका, विद्यार्थी हे सगळे यात धरलेले आहेत. प्राधान्य अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, विधवा, नोकरदार महिला, दिव्यांग आणि अल्पसंख्याकांना. प्राधान्य म्हणजे आरक्षण नव्हे. दोन अर्ज सारखे आले तर कोणाचा आधी घ्यायचा, एवढंच त्यातून ठरतं.

तुमचं उत्पन्न मोजू या, कारण लोक इथेच घसरतात. तुम्ही १७ हजार लिहिलेत, पण ते हातात पडणारे. पगारपत्रक बाहेर काढा आणि ‘ग्रॉस’चा, म्हणजे कपातीआधीच्या पूर्ण पगाराचा, रकाना बघा. अंदाज करून दाखवतो. समजा मूळ पगार १५,००० आणि भत्ते धरून ग्रॉस १९,५००. त्यातून पीएफ १२ टक्क्यांनी १,८०० गेले, ईएसआयसी पाऊण टक्क्यानं १४६ आणि व्यवसाय कर २००. राहिले १७,३५४. तुमचे १७ हजार ते हे. पण वार्षिक उत्पन्न धरताना ग्रॉस धरायचा, म्हणजे वर्षाला २ लाख ३४ हजार. त्यात वहिनींचे १ लाख ८ हजार मिळवले की ३ लाख ४२ हजार. म्हणजे तुम्ही दुर्बल गटात बसत नाही, अल्प उत्पन्न गटात बसता.

भाड्यासाठी यानं काही अडत नाही, दोन्ही गट चालतात. मालकीत मात्र फरक पडतो. शहरी २.० मध्ये स्वतःच्या जागेवरचं बांधकाम आणि भागीदारीतली घरं ही ३ लाखांच्या आतल्यांसाठी आहेत. तुम्हाला उरतो तो व्याज अनुदानाचा घटक. त्यात घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असलं तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान मिळतं, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच हप्त्यांत.

हे वाचून तुमच्या मनात येईल, आणि तो माणूसही सांगणारच, की वहिनींचा पगार दाखवू नका, मग २ लाख ३४ हजारच होतात. तसं करू नका. वहिनींचा पीएफ कापला जात असेल तर त्यांचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, आहे, तो आधारला जोडलेला आहे, आणि अर्जात घरातल्या सगळ्यांचे आधार क्रमांक मागतात. आज निभावलं तरी तपासणीत निघालं की सगळाच अर्ज जातो. शिवाय भाड्याच्या घरासाठी हे करण्याची गरजच नाही.

अजून एक, मराठवाड्यात हे फार दिसतं. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी म्हणा, कुठल्या योजनेसाठी म्हणा, गावाकडून तलाठ्याच्या अहवालावर काढलेला उत्पन्नाचा दाखला घरात असतो. त्यावर ४५-५० हजार लिहिलेलं असतं, शेतीचं. तोच दाखला लोक सगळीकडे लावतात. एका फायलीत ४८ हजारांचा दाखला आणि त्याच फायलीत १९ हजारांचं पगारपत्रक आलं, की तपासणाऱ्या बाईंनी काय करावं? त्या फाईल बाजूला ठेवतात. नवा दाखला काढताना नोकरी आणि शेती दोन्ही दाखवा, वहिनींचंही दाखवा, आणि एकच आकडा सगळीकडे जाऊ द्या. तुमचं खरं उत्पन्न मर्यादेत बसतंय, मग खोटं लिहून अंगावर कशाला घ्यायचं?

गावच्या घराचं उत्तर दोन भागांत. मालकीच्या घटकांसाठी अट अशी की कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं, आणि मागच्या २० वर्षांत सरकारी घर योजनेचा लाभ घेतलेला नसावा. इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. तुम्ही लग्न झालेले, वडील वेगळे कुटुंब. घर त्यांच्या नावावर असेल तर ते तुमच्या खात्यात धरलं जात नाही. पण ‘नावावर’ हे तोंडी धरू नका. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा. किती वेळा असं दिसतं की आजोबा वारल्यावर कोणीतरी वारसांची नावं लावून घेतली आणि घरपट्टीच्या उताऱ्यावर नातवाचंही नाव चढलं, त्याला पत्ताच नाही. तसं काही असेल तर आधी कळलेलं बरं.

भाड्याच्या घराचं गणित वेगळं आहे. ही योजना स्थलांतरितांसाठी आखलेली आहे, आणि पोटासाठी गाव सोडून आलेल्याचं गावात घर असणारच, हे आखणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून मी तुम्हाला गावच्या घरामुळे अर्ज करू नका असं म्हणणार नाही. पण त्या त्या संकुलाच्या जाहिरातीत वाटपाच्या अटी असतात. त्याच शहरात घर नसावं अशीही अट असू शकते. त्या वाचा, आणि घर असेल तर आहे म्हणून लिहा.

भाड्यानं राहिल्यामुळे पुढचा घरकुलाचा हक्क जाईल का? मालकीच्या घटकात आडवं येतं ते नावावरचं पक्कं घर. भाड्याच्या संकुलात तुम्ही दहा वर्षं राहिलात तरी तुमच्या नावावर काही चढत नाही, ना उतारा, ना खरेदीखत. तेव्हा ती भीती सोडा. उलट बाजूही लक्षात घ्या. दहा वर्षांनी ‘आता हे आमच्या नावावर करा’ म्हणून मोर्चा काढला तरी त्या योजनेत तसा हक्क नाही. घरं २५ वर्षं भाड्यासाठीच ठेवायची असतात. पहिल्या वाटेची संकुलं तर मुदत संपली की स्थानिक संस्थेकडे परत जातात. भाड्याचं घर हवं असेल तर ते भाड्याचं म्हणूनच घ्या.

भाडं किती, हाही प्रश्न तुमच्या मनात असणार. रिकाम्या सरकारी घरांच्या संकुलात सुरुवातीचं भाडं स्थानिक संस्था आजूबाजूचे दर बघून ठरवते. खासगीनं बांधलेल्यात चालवणारा बाजाराप्रमाणे ठरवतो. म्हणजे ‘सरकारी’ म्हटलं की फुकटात, असं नाही. खरा फायदा वाढीत आहे. २०२० च्या नियमांत दोन वर्षांनी ८ टक्के आणि पाच वर्षांत सगळी मिळून २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ नाही. तुमची ४,२०० ची खोली त्या नियमात असती तर आज ४,५३६ झाली असती. तुम्ही ५,२०० देताय.

तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं असं एक सांगतो. रांजणगाव ग्रामपंचायतीत येतं, मग शहरी योजना लागू होईल का? २०२० च्या योजनेत शहरांबरोबर अधिसूचित नियोजन क्षेत्रं आणि औद्योगिक विकास प्राधिकरणांची क्षेत्रंही धरली होती, त्यामुळे वाळूजसारख्या पट्ट्यात संकुल होऊच शकत नाही असं नाही. पण तुमचा आजचा पत्ता नेमका कोणाच्या हद्दीत आहे, ग्रामपंचायत, सिडको, एमआयडीसी की महानगर प्राधिकरण, ते घरपट्टीच्या पावतीवरून बघून ठेवा. वाळूजला दोन गल्ल्यांत दोन प्राधिकरणं निघतात.

आता त्या १२ हजारांवाल्याकडे परत येतो. अशा सौद्यात बहुतेक वेळा मिळतं ते दुसऱ्याच्या नावावरचं घरकुल. घरकुल वसाहत कुठल्याही शहरातली घ्या, खरा लाभार्थी गावात राहतो किंवा जुन्या झोपडीत परत जातो आणि खोली परस्पर भाड्यानं देतो. मधला माणूस दोघांकडूनही घेतो. तुम्हाला चावी मिळते, कधी सहा महिने सुखानं जातात. मग तपासणी येते. त्या दिवशी दारात उभे तुम्ही असता, ज्याच्या नावावर घर आहे तो नसतो. तुमचा करार नोंदलेला नसतो, डिपॉझिट रोख दिलेलं असतं. लाभार्थ्याला फार तर नोटीस जाते, सामान तुमचं बाहेर येतं. म्हणून कोणतंही घर दाखवलं की एकच विचारा: वाटपपत्र कोणाच्या नावावर आहे, आणि माझ्याशी करार कोण करणार? वाटपपत्र दुसऱ्या कोणा लाभार्थ्याच्या नावावर असेल, किंवा तिसरंच कोणी पैसे घेत असेल, तर उठून या. खऱ्या संकुलात चालवणारी संस्था स्वतः करार करते आणि पैसे खात्यात घेते.

शहरी २.० चा अर्ज पोर्टलवर स्वतः भरता येतो, मोबाइलवरही. घटक निवडताना नीट बघा, घाईत स्वतःच्या जागेवरच्या बांधकामावर टिचकी मारू नका, त्याला जमिनीचे कागद लागतात. आणि मागणी नोंदवली म्हणजे घर मिळालं असं नाही. पालिकेला त्यातून किती जणांना काय हवंय ते कळतं, एवढंच. सेतूवाला टायपिंगचे जे घेईल ते द्या, त्याहून जास्त कोणालाही नाही.

संकुल कधी येईल ते मी सांगू शकत नाही. तोवर एक काम तुमच्या हातात आहे, आणि मी त्यावर योजनेपेक्षा जास्त भर देतो: आजच्या खोलीचा करार नोंदवून घ्या. पाचशेच्या बाँडवर नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाला तर कोणत्या अटींवर खोली दिली होती याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाला उलटं सिद्ध करावं लागतं.

हे कलम मालकाच्या तोंडावर फेकू नका, दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करायला सांगेल. त्याची भीती असते की हा माणूस खोली बळकावेल. त्याला कलम २४ सांगा. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळ राहू देण्याच्या कराराची, मुदत संपल्यावर भाडेकरू हटला नाही तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि नंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई मागता येते. म्हणजे नोंदलेला करार त्याचं रक्षण आधी करतो. नोटरीच्या कागदावर तो दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं बसेल. मी मालकांना हेच सांगतो आणि बरेच ऐकतात.

खर्चाचं म्हणाल तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. ५,२०० च्या खोलीला अकरा महिन्यांचे ५७,२०० होतात, त्यावर शुल्क दीडशे-दोनशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. वर कागद हाताळणीचे ३०० आणि करून देणाऱ्याची मजुरी. अंगठा आधारवर, घरबसल्या होतो. मालक म्हणाला पैसे तू भर, तर भरा. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: वाढ कधी आणि किती, लाइटचं युनिट काय दरानं, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत. सबमीटरवर मालक युनिटला काय लावेल याचा आपल्याकडे नेम नाही. पाचशेचा फरक भाड्यात कोणी सोडत नाही, आणि लाइटबिलात मात्र निमूट देतात.

हा नोंदलेला करार पुढे सगळीकडे चालतो. पत्त्याचा पुरावा, आधारवरचा पत्ता बदलायला, मुलाच्या शाळेला, आणि उद्या संकुलात अर्ज केलात तर तुम्ही खरंच भाड्यानं राहताय हे दाखवायला. पगारपत्रकं वर्षभराची एका पिशवीत ठेवा. कंत्राटदार बदलला की जुनी मिळत नाहीत.

मोबाइलवर एक मेसेज फिरतोय की दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू अधिनियमातलं आहे. तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे १९९९ चाच कायदा धरून चाला. तसंच मे २०२५ मध्ये राज्यानं नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, ‘माझे घर, माझा अधिकार’. त्यात औद्योगिक कामगार, नोकरदार महिला, विद्यार्थी यांच्या घरांचा विचार आहे, २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं लक्ष्य आहे. चांगलं आहे. पण धोरणाला अर्ज करता येत नाही. त्यातून आधी योजना निघावी लागते, मग जागा. ‘नवीन धोरणात नाव टाकतो’ म्हणणाऱ्यालाही तेच विचारा, इमारत कुठे आहे. आणि म्हाडाचं छत्रपती संभाजीनगर मंडळ मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचं बघतं, पण त्याची सोडत मालकीच्या घरांची असते, तिच्यात भाड्याचं घर शोधू नका.

तुमच्या प्रश्नाखाली अजून काही जणांनी आपापलं विचारलंय, त्यांना दोन शब्द. एकट्या राहणाऱ्या नोकरदार ताईंनी सखी निवास, म्हणजे नोकरदार महिलांच्या वसतिगृहाची सरकारी योजना, हा मार्ग तपासून बघावा. मोठी महानगरं सोडून बाकी ठिकाणी महिन्याचं एकूण उत्पन्न ३५ हजारांपर्यंत चालतं, आणि वसतिगृहाचं भाडं पगाराच्या ठराविक टक्क्यांपेक्षा जास्त घेत नाहीत, एकटीच्या खोलीला १५ टक्के, दोघींत १०, डॉर्मिटरीत साडेसात. लातूर, नांदेडला शिकायला आलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांनी, सरकारी वसतिगृहात नंबर लागला नसेल तर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना बघावी. तिथे घर मिळत नाही, वर्षाला ठराविक रक्कम खात्यात येते आणि खोली तुमची तुम्ही शोधायची. विभागीय शहरासाठी ५१ हजार ठरलेले आहेत, त्यात निवासाचे १५ हजार. इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. ज्या शहरात शिकता तिथलेच रहिवासी असाल तर ती लागू नाही. आणि ज्यांना आज रात्री झोपायलाच जागा नाही त्यांनी योजनांच्या पात्रतेत न अडकता महानगरपालिकेचा शहरी बेघर निवारा विचारावा. तिथे उत्पन्नाचा दाखला आणा म्हणून परत पाठवत नाहीत.

दादा, तुमच्यासाठी या आठवड्यातली कामं तीन. पगारपत्रकावरचा ग्रॉस बघा. वडिलांना सांगून नमुना ८ काढून घ्या, उतारा व्हॉट्सअॅपवर फोटो काढून पाठवला तरी चालेल, नावं वाचता आली पाहिजेत. आणि घरमालकाशी करार नोंदवायचं बोलून बघा, पण महिन्याच्या एक तारखेला नको, भाडं देऊन झाल्यावर आठ-दहा तारखेला, तो मोकळा असतो. तो नाहीच म्हणाला तर नेमका कशामुळे म्हणाला ते इथे लिहा. खोली त्याच्याच नावावर नसेल म्हणूनही तो टाळत असू शकतो, आणि तसं असेल तर पुढचं उत्तर वेगळं द्यावं लागेल.